मोजणीच्या खोलीचे दार

२०२४ सालच्या नोव्हेंबर महिन्याची २० तारीख होती, पहाटेचे साडेपाच वाजत होते, आणि सातारा जिल्ह्यातील एका गावच्या जिल्हा परिषद शाळेत, तिसरीच्या वर्गात, भिंतीवरच्या बाराखडीखाली मांडलेल्या टेबलाशी, अंगावर शाली घेतलेले चार इसम एका यंत्रात खोटी मते टाकीत होते. 'खोटी' हा शब्द त्यांचाच. सरकारी दप्तरात या विधीला 'अभिरूप मतदान' म्हणतात. प्रत्यक्ष मतदानाला आरंभ होण्यापूर्वी दीड तास निरनिराळ्या उमेदवारांच्या प्रतिनिधींनी निदान ५० मते यंत्रावर नोंदवावयाची, कोणी कोणते बटण दाबले त्याची रेघोट्या मारून कागदावर टिपणे ठेवावयाची, मग यंत्राने दाखविलेली बेरीज, व्हीव्हीपॅटच्या पेटीत पडलेल्या चिठ्ठ्या आणि कागदावरील रेघोट्या हे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळवून पाहावयाचे, आणि ते जुळले म्हणजे यंत्राची स्मृती पुसून, पेटी रिकामी करून, त्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात मोहोरबंद करावयाच्या, असा हा जाबता आहे.

केंद्राध्यक्ष पेशाने शिक्षक होते. यंत्राच्या चौकटीत शून्य उमटले तेव्हा त्यांनी यंत्र प्रतिनिधींकडे वळविले आणि म्हणाले, "अण्णा, हे शून्य नीट बघून घ्या. मागाहून दाखवलं नाही असं व्हायला नको." अण्णा म्हणजे साठी उलटलेला एक शेतकरी, एका उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी. त्याने चष्मा पुसला, टेबलावर ओणवा झाला, त्या शून्याकडे पुष्कळ वेळ पाहिले, आणि मग म्हणाला, "दिसलं गुरुजी." त्यानंतर हिरव्या कागदी मोहोरेवर सर्वांच्या सह्या झाल्या, यंत्र बंद झाले, आणि बाहेर उजाडू लागले.

या अंकाच्या संपादकांनी 'विश्वास' हा विषय ठरवून निवडणुकांचा भाग माझ्याकडे सोपविला, तेव्हा निरनिराळ्या राज्यपद्धतींतील निवडणुका कितपत स्वच्छ व कितपत उघड असतात याची मी तुलना करावी, अशी त्यांची अपेक्षा होती. असे काम करणाऱ्या संस्था जगात आहेत. त्या देशांना गुण देतात आणि क्रम लावतात. परंतु मत देऊन घरी गेलेल्या माणसाचे चित्त त्या रात्री स्वस्थ असते की नाही, हे त्या गुणांच्या रकान्यांतून कळत नाही. म्हणून मी एकच कसोटी हाती घेतली. जो हरला त्याच्या अगदी साध्या कार्यकर्त्याला, कोणा तज्ज्ञाच्या किंवा हुद्देदाराच्या शब्दावर विसंबून न राहता, आपण खरोखरच हरलो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आणि स्वतःच्या बेरजेने ताडता येते काय? जिंकणाऱ्याला पुरावा कोणी मागत नाही. शाई, मोहोर, साक्षीदार, सह्या हा सारा खटाटोप मुळात हरणाऱ्यासाठी मांडलेला असतो, असे मला दिवसेंदिवस अधिक वाटू लागले आहे.

बंडीच्या खिशातला कागद

त्या दिवशी सकाळी सातपासून सायंकाळी सहापर्यंत त्या वर्गात जे चालले ते आपणा सर्वांच्या इतके परिचयाचे आहे, की त्यातील शहाणपण आपल्या ध्यानी येत नाही. पहिला अधिकारी मतदाराचे नाव मोठ्याने वाचतो, ते अशासाठी, की बसलेल्या प्रतिनिधींपैकी कोणास हरकत घ्यावयाची असल्यास ती तेथल्या तेथे घेता यावी. गावचा माणूस गावच्या माणसाला ओळखतो, ही ओळख येथे कायद्याने कामाला लावलेली आहे. दुसरा अधिकारी नोंदवहीत सही घेतो व डाव्या तर्जनीला ती शाई लावतो, जी १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून देशभर जाते. तिसरा बटण दाबून यंत्र खुले करतो, पडद्याआड मतदाराने बटण दाबताच काचेआड सात सेकंद एक चिठ्ठी दिसून पेटीत गळून पडते, आणि 'बीप' असा दीर्घ आवाज होतो.

सहाच्या ठोक्याला रांगेत उभ्या असलेल्यांना शेवटच्या माणसापासून आरंभ करून चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, म्हणजे मागाहून येणारा रांगेत घुसू नये. आणि शेवटचे मत पडल्यावर केंद्राध्यक्षांनी यंत्र बंद करून 'नमुना १७ सी' भरावयास घेतला. एका पानाचा हा हिशेब आहे. केंद्राच्या यादीत मतदार किती, यंत्रात मते किती, यंत्रांचे क्रमांक कोणते, मोहोरेचे कागद किती वापरले व किती परत केले, एवढेच त्यात असते. त्याची साक्षांकित प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीस पावती घेऊन द्यावी, असा नियम आहे. अण्णाने आपली प्रत घेतली, विजेरीच्या प्रकाशात आकडे पुन्हा वाचले, कागदाची चौघडी केली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

तीन दिवसांनी तालुक्याच्या गोदामात मोजणी होती. दाराशी तीन पदरी पहारा, आत मेजांच्या रांगा, मेजे आणि मोजणी प्रतिनिधी यांच्यामध्ये लोखंडी जाळी. माझ्यापाशी प्राधिकारपत्र होते म्हणून एका अधिकाऱ्यासमवेत थोडा वेळ आत उभे राहता आले. ज्यांच्यापाशी ते नव्हते, म्हणजे ज्यांची मते मोजली जात होती ते सारे, रस्त्यापलीकडच्या अडसरामागे ध्वनिक्षेपकाकडे कान लावून होते. अण्णाच्या गावचे यंत्र मेजावर आले, मोहोर दाखविली गेली, एकूण मतांचा आकडा उमटला. अण्णाने जाळीला नाक लावून तो वाचला, खिशातला कागद उलगडून ताडला, आणि मग उमेदवारनिहाय मते उतरून घेतली. त्याचा उमेदवार त्या केंद्रावरही मागे होता आणि अखेर मतदारसंघातही पडला. बाहेर येताना तो मला म्हणाला, "आकडा जुळला. हरलो." या दोन वाक्यांचा क्रम मी पुढे जगाच्या पाठीवर इतरत्र शोधीत राहिलो.

बर्लिनमधील एक शाळा

२३ फेब्रुवारी २०२५ रोजी जर्मनीच्या संसदेची निवडणूक होती, आणि काही कौटुंबिक निमित्ताने मी बर्लिनमध्ये होतो. मूळच्या नाशिकच्या, आता त्या देशाच्या नागरिक झालेल्या एक परिचित बाई त्या दिवशी एका शाळेतील मतदान केंद्रावर स्वयंसेवक सदस्य म्हणून बसल्या होत्या. "सहा वाजता या," त्या म्हणाल्या, "आणि तुमचं ते पत्रबित्र काही आणू नका, कुणी विचारणार नाही." खरोखरच कोणी विचारले नाही. सहाला मतदान संपल्याचे केंद्रप्रमुखांनी उभे राहून जाहीर केले, दार क्षणभर लोटून घेतले आणि पुन्हा सताड उघडले. कारण तेथील कायद्याप्रमाणे मोजणीच्या वेळी ते दार उघडेच असावे लागते, आणि कामात अडथळा न आणणाऱ्या कोणालाही, मग तो परदेशी का असेना, आत येऊन उभे राहता येते. मी दाराशी घुटमळत होतो. केंद्रप्रमुखांनी भिंतीकडच्या बाकाकडे बोट दाखविले.

पेटी उपडी झाली. लांबलचक, घडी घातलेल्या मतपत्रिकांचा ढीग मुलांच्या जोडून ठेवलेल्या मेजांवर पसरला. प्रथम कोणाला किती हे पाहावयाचेच नाही; केवळ घड्या उलगडून पत्रिका मोजावयाच्या, आणि यादीतील खुणांशी तो आकडा जुळवावयाचा. त्या संध्याकाळी तो जुळेना. एक पत्रिका कमी भरली. सात-आठ माणसे पुन्हा पहिल्यापासून मोजावयास बसली. कोणी चडफडले नाही, कोणी घड्याळ पाहिले नाही. आणि पाऊण तासाने एका पत्रिकेच्या घडीत अडकलेली दुसरी सापडली. नाशिकच्या बाईंनी ती दोन बोटांत धरून सर्वांना दाखविली. नंतर गठ्ठे लागले: ज्यांची दोन्ही मते एकाच पक्षाला ते एकीकडे, ज्यांची निरनिराळ्यांना ते दुसरीकडे, कोरे तिसरीकडे, आणि ज्यांच्याविषयी शंका ते चौथ्या गठ्ठ्यात, प्रत्येक गठ्ठा दोघांनी एकामागून एक मोजावयाचा, आणि शंकित पत्रिकेवर सर्वांच्या समोर निर्णय घेऊन तो मोठ्याने सांगावयाचा. शेवटी आकडे वाचून दाखविले गेले, दूरध्वनीने कळविले गेले, इतिवृत्तावर सर्वांच्या सह्या झाल्या.

या सर्व पद्धतीमागे एका न्यायनिवाड्याचे बळ आहे. २००५ च्या निवडणुकीत जर्मनीतील काही मतदारसंघांत नेदरलँड्समध्ये तयार झालेली मतयंत्रे वापरली गेली होती. एका राज्यशास्त्रज्ञ पित्याने आणि पदार्थविज्ञान शिकलेल्या त्याच्या मुलाने त्याविरुद्ध दाद मागितली, आणि ३ मार्च २००९ रोजी तेथील संघीय घटना न्यायालयाने निर्णय दिला, की निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे कोणत्याही नागरिकाला, विशेष तांत्रिक ज्ञानावाचून, विश्वासार्ह रीतीने तपासता आले पाहिजेत, आणि त्या यंत्रांत तशी सोय नसल्यामुळे त्यांचा वापर घटनेशी विसंगत होता. यंत्रांत लबाडी झाली असे कोणी सिद्ध केलेले नव्हते. न्यायालयाला त्याची आवश्यकताही वाटली नाही. नागरिकाच्या डोळ्यांना दिसत नाही, एवढेच कारण त्याला पुरेसे वाटले.

तेवढ्यावरून आपणही यंत्रे टाकून कागदाकडे परतावे, असे मी म्हणणार नाही. तेथे मतदार सुमारे सहा कोटी. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेला प्रत्यक्ष मत देणारेच ६४ कोटींच्या घरात होते. शिवाय ज्यांनी मतदान केंद्रे बळकावण्याचे दिवस पाहिले, दंडुक्याच्या धाकाखाली अर्ध्या तासात शिक्के मारून भरलेल्या पेट्या पाहिल्या, त्यांना मिनिटाला चारांहून अधिक मते न घेणाऱ्या यंत्राचे मोल सांगावे लागत नाही. परूर येथे १९८२ साली पहिल्यांदा वापरलेले यंत्र कायद्यात तरतूद नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नामंजूर केले, पुढे तरतूद झाली, २०१३ साली त्यास चिठ्ठीची जोड मिळाली. ही चिठ्ठी म्हणजे जर्मन न्यायालयाने मागितलेल्या वस्तूचाच एक अंश आहे. परंतु विधानसभेच्या प्रत्येक क्षेत्रामागे पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात, आणि सर्व मोजाव्यात ही मागणी २६ एप्रिल २०२४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केली. त्या निकालाचा मी आदर करतो. बर्लिनच्या बाकावर बसून मात्र मला ती उरलेली चिठ्ठ्यांची पेटी पुन्हा पुन्हा आठवत राहिली.

कागद म्हणजे निर्दोषपणाची सनदही नव्हे. याच बर्लिनमध्ये २६ सप्टेंबर २०२१ रोजी निवडणूक आणि मॅरेथॉन शर्यत एकाच दिवशी आली. केंद्रांवर पत्रिका संपल्या, शर्यतीने अडविलेल्या रस्त्यांतून नव्या पोहोचेनात, काही ठिकाणी भलत्याच मतदारसंघाच्या पत्रिका वाटल्या गेल्या, वेळ संपल्यावरही मते पडत राहिली. शहराची निवडणूक समग्र रद्द होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा झाली, आणि संसदेसाठी शहरातील २,२५६ पैकी ४५५ क्षेत्रांत फेब्रुवारी २०२४ मध्ये फेरमतदान घ्यावे लागले. गोंधळ लपला नाही, त्याची कैफियत न्यायालयापर्यंत गेली, आणि उशिरा का होईना, दुरुस्ती झाली.

घडी घातलेला कागद

ज्या शहरात मी हे पाहिले, त्याच शहराच्या पूर्वार्धात एके काळी दुसऱ्याच प्रकारच्या निवडणुका होत असत. पूर्व जर्मनीत सर्व मान्य पक्षसंघटनांची मिळून एकच यादी मतदारापुढे येई. यादी मान्य असेल तर पत्रिकेवर काहीही न करता तिची घडी घालून पेटीत टाकावयाची. नाकारावयाची असेल तर नावे खोडावी लागत, आणि त्यासाठी कोपऱ्यातील पडद्याआड जावे लागे. म्हणजे जो आड जाई त्याची नोंद घेणाऱ्यांना आपसूकच होई. लोक या निवडणुकीला 'कागदाची घडी घालणे' म्हणत. गुप्त मतदानाचा पडदा तेथे टांगलेला होता, आणि त्या पडद्याकडे चालत जाणे हीच राजद्रोहाची खूण ठरविली गेली होती.

तरीही त्या राज्याच्या कायद्यात एक वाक्य राहून गेले होते: मोजणी सार्वजनिक असेल. ७ मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकांच्या सायंकाळी चर्चच्या आश्रयाने जमलेल्या नागरिकांच्या गटांनी या वाक्याचा शब्दशः अर्थ घेतला. दोघे-तिघे मिळून ते मतदान केंद्रांवर गेले, भिंतीशी उभे राहिले, वाचून दाखविलेले आकडे वहीत उतरून घेतले, आणि रात्री एका ठिकाणी जमून त्यांची बेरीज केली. बर्लिनच्या वाइसेनझे या भागातील जवळजवळ सर्व केंद्रे त्यांनी गाठली होती. निवडणूक मंडळाचे अध्यक्ष एगॉन क्रेंझ यांनी देशभर ९८.८५ टक्के लोकांनी यादीला संमती दिल्याचे जाहीर केले. वह्यांतील नकाराची मते सरकारी आकड्यांहून स्पष्टपणे अधिक भरत होती. या माणसांनी तक्रारी दाखल केल्या. त्या फेटाळल्या गेल्या. मग दर महिन्याच्या ७ तारखेला बर्लिनच्या अलेक्झांडर चौकात निदर्शने सुरू झाली, पोलिसांनी माणसे उचलून नेली, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला माणसे पुन्हा आली. ९ नोव्हेंबरला भिंत पडली, १८ मार्च १९९० रोजी त्या देशातील पहिली खरी निवडणूक झाली, आणि ड्रेस्डेनचे तत्कालीन पक्षप्रमुख हान्स मोद्रोव यांना त्या फेरफाराबद्दल १९९३ साली न्यायालयाने दोषी ठरविले.

राजवट कोसळण्याची कारणे अनेक होती, आणि चार वह्यांनी भिंत पाडली असा दावा मी करीत नाही. परंतु ९८.८५ हा आकडा खोटा आहे, हे 'सर्वांना ठाऊक' असणे वेगळे आणि अमुक केंद्रावर अमुक इतकी मते नकाराची होती, मी तेथे उभा होतो, असे सांगता येणे वेगळे. त्या सायंकाळी कुजबुजीचा दस्तऐवज झाला.

यंत्र उत्तम, दप्तर बंद

याच्या नेमके उलट उदाहरण व्हेनेझुएलाचे. तेथील मतयंत्रणा तंत्रदृष्ट्या निकृष्ट मुळीच नव्हती: मतदार स्पर्शाने मत नोंदवी, त्याला कागदी पावती मिळे, ती तो पेटीत टाकी, आणि मतदान संपताच प्रत्येक यंत्र आपला निकाल एका लांब पट्टीवर छापून काढी. या पट्टीची प्रत उपस्थित साक्षीदारांना मिळावी असा तेथील कायदा. २८ जुलै २०२४ रोजी अध्यक्षपदाचे मतदान झाले. त्या रात्री निवडणूक मंडळाने निकोलास मादुरो ५१ टक्के मते घेऊन विजयी झाल्याचे घोषित केले. मात्र केंद्रवार आकडे काही प्रसिद्ध केले नाहीत. ते आजतागायत प्रसिद्ध झालेले नाहीत.

परंतु विरोधकांनी महिनोन्महिने एकच तयारी केली होती. देशातील सुमारे ३०,००० यंत्रांपाशी माणूस बसवावयाचा आणि पट्टी हाती पडल्याखेरीज त्याने उठावयाचे नाही. काही ठिकाणी त्यांना हाकलून दिले गेले, तरी ८० टक्क्यांहून अधिक पट्ट्या त्यांनी मिळविल्या, त्यांची छायाचित्रे जगासमोर ठेवली, आणि त्या बेरजेत विरोधकांचे उमेदवार एद्मुन्दो गोन्सालेस यांना मादुरोंच्या दुपटीहून अधिक मते होती. निरीक्षणासाठी बोलावलेल्या कार्टर सेंटरने ही निवडणूक आंतरराष्ट्रीय निकषांना उतरत नाही असे स्पष्ट सांगितले. गोन्सालेस यांना सप्टेंबरमध्ये देश सोडावा लागला, आणि १० जानेवारी २०२५ रोजी शपथ मादुरो यांनीच घेतली. कागद खरा असला म्हणजे न्याय होतोच असे नाही. न्यायालय, पोलीस आणि फौज ज्याच्या मुठीत आहे त्याला बेरीज रोखू शकत नाही. मात्र ती पट्टी छातीशी धरून घरी गेलेल्या साक्षीदाराला आपण काय पाहिले याविषयी आता कोणी फसवू शकणार नाही.

केनियाने हाच धडा वेगळ्या वाटेने गिरविला. २०१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, केंद्रांवरून आलेली निकालपत्रे नीट दाखल झाली नाहीत आणि आयोगाने आपली संगणकीय नोंद न्यायालयाला धडपणे पाहू दिली नाही, या कारणांसाठी अध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली. पाच वर्षांनी आयोगाने ४६,२२९ केंद्रांची हस्तलिखित निकालपत्रे एकामागून एक सर्वांना पाहता येतील अशी खुली केली. वृत्तपत्रे, विद्यार्थी, पक्ष, ज्याला वाटेल तो बेरीज करू लागला. शेवटच्या क्षणी सातांपैकी चार आयुक्तांनी निकालाशी आपला संबंध नाकारला, तरी देश पेटला नाही. न्यायालयाने निकाल एकमताने कायम केला, कारण तोवर ती बेरीज कोणा एकाच्या मालकीची राहिली नव्हती. एरवी ज्या देशाकडे आपण वळूनही पाहत नाही, त्याच्याकडून हे घेण्यासारखे आहे.

पेटीच्या अलीकडे

मोजणी कितीही उघड असली तरी ती शेवटची पायरी आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. इराणमध्ये १२ जणांचे पालक मंडळ उमेदवार गाळते. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अर्ज भरणाऱ्या ८० जणांपैकी सहांनाच त्याने मान्यता दिली. अमेरिकेत तर मतदारसंघांच्या सीमा बहुतेक राज्यांत त्याच विधिमंडळाने आखावयाच्या, ज्याच्या सभासदांचे भवितव्य त्या सीमांवर अवलंबून असते. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नर गेरी यांच्या नावावरून या कसबाला जे नाव पडले ते अद्याप चालू आहे, आणि पक्षीय हेतूने आखलेल्या सीमांत आपण हात घालू शकत नाही असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे.

आपल्याकडे हा प्रश्न मतदारयादीपाशी येतो. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांनी आपले नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढीच नोंद करून दिली, आणि पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावे यादीत ठेवण्यास नकार दिला. निर्णय कठोर होता, परंतु त्याचा आकडा आणि त्याचे कारण आयोगाने स्वतःच नोंदवून ठेवले, म्हणून आज आपण ते जाणतो. याच्याशेजारी २०२५ च्या पावसाळ्यातली बिहारची गोष्ट ठेवावी. तेथे यादीचे पुनरीक्षण होऊन १ ऑगस्टच्या मसुद्यात सुमारे ६५ लाख नावे आली नाहीत. ती कोणाची व का, हे केंद्रवार कारणांसह प्रसिद्ध करा, असा हुकूम १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. नावे गाळण्यास योग्य कारणे असतील, पुष्कळांची असतीलही. मला खटकते ते हे, की कारण सांगण्यासाठी न्यायालयाचा हुकूम लागला.

गुप्त काय, प्रकट काय

दार सताड उघडा असे म्हणताना एक धोका नजरेआड करता येत नाही. मत गुप्त असावे, यासाठी माणसे शतकभर झगडली. इंग्लंडात १८७२ पर्यंत मत उघड्यावर, जमीनदाराच्या मुनिमासमोर, तोंडाने सांगावे लागे. पहिली गुप्त पोटनिवडणूक त्या वर्षी पाँटफ्रॅक्ट येथे झाली, आणि ज्येष्ठमधाच्या वड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या गावी पेटीवर त्या वड्यांचाच शिक्का उमटविला गेला. आपल्याकडे कागदी मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती, ती अशासाठी, की कोणत्या वाडीने कोणाला मत दिले हे कळून त्या वाडीचे पाणी तोडले जाऊ नये. यंत्रे आली आणि ही आडोशाची जागा गेली. आता प्रत्येक केंद्राचे मत निकालासोबत सर्वांना दिसते. अनेक यंत्रांची मते एकत्र करून मोजणारे साधन आयोगाने सुचविले, विधी आयोगाने २०१५ साली त्याची शिफारस केली, ते अमलात आले नाही. माझा कौल तरीही केंद्रवार निकालाच्या बाजूचा आहे, कारण ज्याची केंद्रवार फोड नाही ती बेरीज तपासता येत नाही. परंतु निकालानंतर सूड घेणाऱ्या पुढाऱ्यावर कडक कारवाई होत नाही तोवर या पारदर्शकतेची किंमत गावकुसाबाहेरची वस्तीच मोजणार, हे मनाला लागून राहते.

आणि नेमके येथेच आपले दप्तर उलट्या दिशेने चालले आहे. मतदार उघडा पडतो आहे आणि यंत्रणा झाकली जात आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नियमात दुरुस्ती होऊन मतदान केंद्रांवरील कॅमेऱ्यांचे चित्रण जनतेच्या तपासणीबाहेर गेले. पुढे मे २०२५ मध्ये, निवडणुकीला न्यायालयात आव्हान नसल्यास ते ४५ दिवसांनी नष्ट करावे, असे आयोगाने कळविले. स्त्रियांच्या खासगीपणाचे कारण आयोग देतो, ते क्षुल्लक नाही. परंतु मोहोर लावणारा हात दाखविण्याने कोणाच्या खासगीपणाला बाध येतो?

पत्र्याच्या पेटीत

यंदा पावसाळ्याच्या आरंभी मी अण्णाच्या घरी गेलो होतो. महाराष्ट्राच्या निवडणुकीनंतर एका आकड्याची पुष्कळ चर्चा झाली होती: मतदानाच्या दिवशी सायंकाळी पाचला ५८.२२ टक्के, आणि अंतिम ६६.०५ टक्के. आयोगाने सांगितले, की पाचचा आकडा हा चालू अंदाज, खरा हिशेब १७ सी चा, आणि तो प्रतिनिधींपाशी त्याच रात्री गेलेला आहे. हे म्हणणे मला वाजवी वाटते. पाचनंतरची रांग मी स्वतः पाहिली होती. पण मग एक लाखाहून अधिक केंद्रांची ती पाने मतदाराने पाहावयाची कोठे? मे २०२४ मध्ये हाच विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा उमेदवाराच्या प्रतिनिधीखेरीज इतर कोणास १७ सी देण्याची कायद्यात तरतूद नाही, आणि प्रसिद्ध केल्यास त्याच्या चित्रात फेरफार होऊ शकेल, असे आयोगाने प्रतिज्ञापत्रावर सांगितले होते. मूळ कागद चार-सहा जणांच्या खिशात सहीनिशी असताना फेरफार किती तास टिकेल, याचे उत्तर केनियात मिळालेले आहे.

अण्णाने माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. खतांच्या पावत्या, सातबारा, मुलीच्या लग्नाची पत्रिका, आणि त्यांखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत, चौघडी केलेली, निरनिराळ्या निवडणुकांची ती पाने. २००४ पासूनची. काहींवरची शाई फिकटली होती, केंद्राध्यक्षांच्या सह्या मात्र वाचता येत होत्या. जिंकलेल्या आणि हरलेल्या निवडणुका त्याने वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या.

"हे कुणी बघायला मागितलं का आजवर?" मी विचारले.

"तुम्हीच पहिले," तो म्हणाला.

केनियात हे निकालपत्र मतदान केंद्राच्या दारावर चिकटवावे लागते. आपल्याकडे सहा वाजता मतदान संपते, आठ-साडेआठला १७ सी भरून होतो, शाळेला दार आहे, खडूच्या पेटीशेजारी डिंकाची बाटली असते. या अंकाच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेक जण केंद्राध्यक्ष म्हणून बसतात; वकील आहेत, आमदारांच्या ओळखीचे आहेत, पक्षांचे कार्यकर्ते आहेत. त्या सर्वांनी निवडणूक आयोगाला आणि विधी मंत्रालयाला एवढेच लिहून कळवावे, की नमुना १७ सी ची एक प्रत त्याच रात्री केंद्राच्या दारावर लावण्याचा आणि दुसरी जनतेसाठी खुली करण्याचा नियम करा. पत्र मराठीत चालते.